नावं एका मस्टरवर, घरं वेगळ्या मोहल्ल्यांत

वाचकांचे प्रश्न

एकाच मालकाकडून पगार घेणारी, एकाच गाडीला लटकून कामावर जाणारी माणसं धर्माच्या नावावर फुटायची थांबू शकतात का, असा विषय आम्ही मागच्या अंकात वाचकांपुढे ठेवला होता. मुंबई, ठाणे आणि भिवंडीहून पत्रं आली. नुसतं ‘हो’ की ‘नाही’ असं फार थोड्यांनी विचारलं. काय केलं तर एकजूट टिकते आणि कशाने मोडते, हे बहुतेकांना जाणून घ्यायचं आहे. कामगार संघटनेत आणि या शहराच्या इतिहासात वर्षानुवर्षं मुरलेल्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

गिरणीत हिंदू-मुसलमान भेद नव्हता, संपात सगळे एक होते, असं आमच्या घरातली मोठी माणसं सांगत. मग याच शहरात एवढ्या दंगली कशा झाल्या? ती एकजूट खोटी होती का? (एक वाचक, लालबाग)

खोटी नव्हती. पण ती कुठे होती आणि कुठे नव्हती, हे वेगवेगळं पाहावं लागतं.

१९२८चा सर्वसाधारण संप घ्या. एप्रिलमध्ये सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने गिरणीबाहेर होते. मदनपुऱ्याचे मोमीन मुसलमान विणकर आणि परळ-लालबागमधले कोकण-घाटावरचे साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, दोघेही त्यात होते. त्याच वर्षी मे महिन्यात लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. गिरणीगणिक समित्या झाल्या. असा संप पगाराच्या चिठ्ठीवर विश्वास असल्याशिवाय होत नाही, शेजारच्या साच्यावरच्या माणसावर तर त्याहून जास्त विश्वास लागतो.

आणि फेब्रुवारी १९२९मध्ये त्याच गिरणगावात दंगल पेटली. तिची सुरुवात नीट पाहा. शिवडीच्या तेलडेपोंत संप चालू होता आणि कंपन्यांनी संपकऱ्यांच्या जागी पठाण आणले. पठाणाला गिरणगाव आधीपासून ओळखत होतं ते सावकार म्हणून. पगाराच्या दिवशी तो गेटवर वसुलीला उभा असे. त्यात अफवा सुटली की पठाण पोरं पळवून नेतात. पठाणांवर हल्ले सुरू झाले आणि बघता बघता ते हिंदू-मुसलमान दंगलीवर गेलं. मूळ भांडण रोजीचं आणि कर्जाचं. पण समोर उभ्या माणसाचा धर्म चटकन दिसत होता, त्याला कामावर आणणारी कंपनी दिसत नव्हती. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनचे पुढारी पकडले गेले. अफवेला तोंड देणारी आणि समित्या सांभाळणारी माणसंच गेली. त्या वर्षीचा दुसरा सर्वसाधारण संप फसला.

एकजूट अशी मोडली याचं कारण गिरणीच्या रोजच्या व्यवहारात होतं. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे आणि तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणी. राहायला गाळा मिळे तो गाववाल्यांचा. जेवण खानावळीत, तीही आपल्या लोकांची. वाणी उधार देई तो ओळखीवर, आणि बदलीवाल्याला (कायम नसलेल्या कामगाराला) काम नसलं तर चार दिवस पोसत ते गाववालेच. आजारपण, लग्न, मयत, सगळं तिथंच. युनियन देत होती ती एकच गोष्ट, पगाराचा लढा. दिवसाचे दहा तास माणूस कामगार होता आणि उरलेले चौदा तास गावचा, जातीचा, धर्माचा. जिवाची भीती वाटली तेव्हा तो चौदा तासांच्या माणसांकडे धावला. यात त्याची फसवणूक झाली असं आम्हाला वाटत नाही. त्याला दुसरीकडे धावायला जागाच नव्हती.

१९४६मध्ये हेच आणखी ठळक दिसलं. १८ फेब्रुवारीला मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नौसैनिकांचा संप सुरू झाला आणि बघता बघता सुमारे २० हजार खलाशांपर्यंत पोहोचला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र फडकले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, त्या दिवसांत २००हून जास्त माणसं गेली. त्यात दोन्ही धर्मांचे लोक होते. २३ तारखेला काँग्रेस आणि लीग, दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांच्या सल्ल्याने खलाशांनी शरणागती पत्करली. सप्टेंबर उजाडला तेव्हा मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल चालू होती. शहर तेच, मध्ये फक्त सहा महिने गेले होते. फाळणीचं राजकारण कुठल्याही संप समितीच्या आवाक्याबाहेरचं होतं, हे खरं. पण ती समिती पाच दिवस जगली आणि चाळीत, मोहल्ल्यात मागे ठेवून गेली अशी एकही यंत्रणा नव्हती, हेही तितकंच खरं.

१९८२चा संप (१८ जानेवारीपासून, सुमारे अडीच लाख कामगार) आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ची दंगल यांची सांगड बरेच जण घालतात. गिरण्या बंद पडल्या म्हणून दंगल झाली, असं म्हणणं आम्हाला पटत नाही. अयोध्येत मशीद पाडली गेली, त्यानंतर कोणी काय चिथावणी दिली आणि पोलिसांनी काय केलं व काय केलं नाही, हे दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवून ठेवलं आहे. ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. गिरणी गेल्याचा परिणाम एवढाच की लालबागचा माणूस आणि मदनपुऱ्याचा माणूस रोज जिथे भेटत, ती जागा गेली. दंगलीच्या रात्री कोणाला फोन करून ‘तिकडे खरंच काय चाललंय?’ असं विचारावं, तो माणूसच उरला नाही.

तुम्ही धर्माबद्दल बोलता, जातीबद्दल गप्प राहता. लाल बावट्याखाली तरी सगळे समान होते का? (एक वाचक, नायगाव)

नव्हते. साचेखात्यात, म्हणजे विणाईत, पगार जास्त होता आणि तिथे दलितांना घेत नसत. कारण धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात, होतं. कांडीवरचं सूत संपलं की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे, आणि ते काढत तोंड लावून, श्वासाने ओढून. एकाच धोट्याला दोघांचं तोंड लागणार म्हणून विटाळ. दलित कामगार राहिला त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला, तोही नाखुशीने.

हाताने सूत ओढायचे धोटे तेव्हाही मिळत होते. तोंडाने ओढल्यामुळे सुताचे बारीक तंतू छातीत जात, तीही अडचण होती. म्हणजे साधा यांत्रिक बदल मागितला असता तर सगळ्यांच्या छातीचं भलं झालं असतं आणि विटाळाची सबबही गेली असती. एकजुटीसाठी नेमकं काय मागायचं, याचा इतका चांगला नमुना आम्हाला दुसरा दिसत नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांचं म्हणणं या एका खात्यात डोळ्यांनी दिसत होतं. त्याच आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. अन्यायाला नाव दिलं म्हणून एकजूट मोडली नाही.

साकीनाक्याला आमचा शिलाई कारखाना आहे, एकूण ३५ जण. वरच्या मजल्यावर मशीनवर उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमान कारागीर, खाली धागाकटिंग, बटण, प्रेस आणि पॅकिंगला आम्ही मराठी बायका. मालक आम्हाला एकमेकांच्या नावाने दम देतो. सुरुवात कुठून करावी? (एक महिला कामगार)

दराच्या कागदापासून करा. युनियनचं नाव सध्या काढूच नका.

दोन आठवडे, दोन्ही मजल्यांवरच्या दोघा-दोघांनी प्रत्येक कामाचा दर लिहून ठेवायचा: कॉलर, कफ, ओव्हरलॉक, काज-बटण, धागाकटिंग, प्रेस. नगाला किती, दिवसात किती नग झाले, किती नग ‘अल्टर’ म्हणून परत आले आणि त्याचे पैसे कापले का, उचल किती आणि पगार कोणत्या तारखेला हातात पडला. मग चौघांनी बसून एकच तक्ता करायचा. बहुतेक ठिकाणी या तक्त्यात एकच गोष्ट निघते: वरच्यांना सांगितलेलं असतं की खालच्या बायकांना जास्त द्यावं लागतं म्हणून तुमचा दर वाढत नाही, आणि खाली नेमकं उलट. हा कागद दोन्ही मजल्यांवर मोठ्याने वाचून दाखवा. मालकाचा दम तिथेच अर्धा गळतो.

समिती पाच ते सात जणांची पुरे. प्रतिनिधी विभागवार निवडा, ‘दोन हिंदू, दोन मुसलमान’ असे निवडू नका. धर्माच्या नावाने निवडलेला प्रतिनिधी आपल्या समाजाला जबाब देतो; काज-बटणचा प्रतिनिधी काज-बटणला देतो. तुमच्याकडे मजला आणि धर्म एकच पडतो, ही अडचण आहे खरी. म्हणून हिशेब ठेवणारा एका मजल्याचा आणि पावतीवर सही करणारा दुसऱ्या मजल्याचा, असं जोडून द्या. पैशाच्या प्रत्येक कागदावर दोन्ही मजल्यांची सही आली की संशयाला फारशी जागा उरत नाही.

बैठकीची जागा देऊळ, मशीद, मंडळाची शाखा यांपैकी कुठलीही नको, मग ती फुकट मिळत असली तरी. शाळेची खोली किंवा चहाच्या टपरीमागची मोकळी जागा चालेल. शुक्रवारी दुपारी बैठक ठेवू नका, आणि बायकांच्या वस्तीत पाणी येण्याच्या वेळेलाही नको. या दुसऱ्या गोष्टीकडे पुरुष कार्यकर्ते हमखास दुर्लक्ष करतात आणि मग बायका येत नाहीत म्हणून तक्रार करतात. जे ठरेल ते मराठीत आणि हिंदीत दोन्ही वाचा.

पहिली मागणी अशी निवडा की जी अर्धी मान्यच करता येणार नाही. मशीनचा दर वाढवा, ही पहिली मागणी असली तर मालक वरच्यांना दोन रुपये देईल आणि खालचे बसतील बघत. पगार ठरल्या तारखेला, प्रत्येकाला दराची चिठ्ठी, प्यायचं पाणी आणि बायकांना वेगळं संडास, या मागण्या दोन्ही मजल्यांच्या आहेत. ३५ माणसं म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा (१० कामगारांपासून), आणि पीएफ (२० पासून) दोन्हींचा हक्क लागतो. मालक मस्टरवर १८च नावं दाखवत असेल, तर तुमचा दोन आठवड्यांचा तक्ता हाच पुरावा. आणि एक गोष्ट मालकाकडे जाण्याआधी ठरवून ठेवा: एका मजल्याला काही देऊ केलं, तर दोन्ही मजल्यांची एकत्र बैठक झाल्याशिवाय ते घ्यायचं नाही. हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी ठरत नाही.

युनियन नोंदवायला किमान सात अर्जदार लागतात, ही अट १९२६च्या कायद्यापासूनची. २००१च्या दुरुस्तीने त्यात कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या सभासदांची भर पडली, पण सातच्या खाली जाता येत नाही. तुमच्यासाठी म्हणजे सातच. तरी निदान पंधरा-वीस जणांच्या सह्या झाल्याशिवाय अर्ज करू नका, नाहीतर सातही जण एका आठवड्यात कामावरून जातात.

सगळ्यात कठीण भाग उचलीचा. कारागीर ठेकेदाराकडून उचल घेऊन आलेला असतो आणि ठेकेदार त्याच्याच गावचा, त्याच्याच बिरादरीचा. ती उचल फिटेपर्यंत त्याचं तोंड बंद. १९२९च्या पठाणाचं आणि जॉबरचं काम आज हा एकटा माणूस करतो. इथे भाषण उपयोगाचं नाही, भिशी उपयोगाची आहे. २० जणांनी महिन्याला ५०० रुपये काढले तर दर महिन्याला १०,००० रुपये एकाच्या हातात येतात. भिशीत व्याज नसतं, म्हणून व्याज धर्माला मान्य नाही म्हणणारा कारागीरही ती बिनदिक्कत लावतो. बचत गट केला आणि व्याज ठेवलं की नेमके हेच लोक बाहेर राहतात. त्याऐवजी कर्जामागे ठरावीक वहीखर्च ठेवा, समजा २० रुपये, रक्कम कितीही असो. भिशी मोडते ती पहिल्या तीन-चार जणांमुळे: पैसे उचलतात आणि गावी जातात. म्हणून पहिले चार क्रमांक जुन्या माणसांना द्या आणि प्रत्येकाला दोन जामीन घ्या, त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरचा. सुरुवातीला लोक कुरकुरतात, ‘त्या बाईला मी ओळखत नाही’ म्हणतात. ओळख व्हावी म्हणूनच तो नियम आहे.

रमजान, जुम्मा, गणपती, १४ एप्रिल... सुट्ट्यांवरून आमच्या गोदामात दरवर्षी कुरबुर होते. तोडगा? (एक वाचक, मशीद बंदर)

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. ही ‘मिळून ठरवायची’ जागा बहुतेक ठिकाणी मालक एकटाच भरतो आणि दिवाळी, होळीच्या वगैरे तारखा लावून मोकळा होतो. नोव्हेंबरमध्येच बैठक घ्या. चारपैकी एक ईद आणि एक गणपती किंवा दिवाळी सगळ्यांसाठी सारखी धरा, म्हणजे सगळेच त्या दिवशी घरी. उरलेल्या दोन ज्याने त्याने यादीतून निवडायच्या आणि तेव्हा दुसऱ्याने पाळी सांभाळायची. असा करार लेखी करा. कायदा लागू नसेल इतका छोटा गाळा असला, तरी हीच पद्धत चालते. ईद चंद्रावर असल्याने तारीख एक दिवस इकडेतिकडे होते, तेही करारात लिहा, नाहीतर ऐन वेळी मुकादम अडवतो.

जुम्म्यासाठी एका गटाला वेगळी सूट मागू नका. शुक्रवारी जेवणाची सुट्टीच सगळ्यांसाठी नमाजाच्या वेळेला सरकवा आणि पाऊण तासाची करा; वाढलेली पंधरा मिनिटं संध्याकाळी भरून काढा. मालकाने मेहेरबानी म्हणून एकाच गटाला दिलेली सवलत दोन वाईट गोष्टी करते. दुसरा गट म्हणतो ‘यांनाच का?’, आणि मिळालेला गट मालकाच्या मर्जीत अडकतो. तीच गोष्ट नियमात बसवली की तिची धार जाते.

रात्रपाळीला असताना एखादा व्हिडिओ येतो आणि पाच मिनिटांत पाळीवरची माणसं दोन कोपऱ्यांत उभी राहतात. त्या वेळी नेमकं काय करावं? (एक माथाडी कामगार)

त्या वेळी करायचं ते थोडंच असतं. खरी तयारी शांततेच्या दिवसांत करायची.

तयारी अशी. प्रत्येक पाळीत दोघांची जोडी ठरवा, दोन वेगळ्या समाजांतले. त्यांच्याकडे कागदावर लिहिलेली यादी हवी (मोबाइल बंद पडतो): जवळच्या दोन पोलीस ठाण्यांचे नंबर, ११२, आणि कामगार जिथे जिथे राहतात त्या प्रत्येक वस्तीतला एक माणूस, ज्याला रात्री दोनला उठवता येईल. गोवंडी, मुंब्रा, नालासोपारा, घाटकोपर, जिथली माणसं कामाला असतील तिथला एकेक.

व्हिडिओ आला की तो पुढे पाठवायचा नाही. ‘हे खोटं आहे’ असं लिहूनसुद्धा नाही, कारण चित्र पुढे जातं आणि वरचं वाक्य मागे राहतं. जोडीने त्या वस्तीतल्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं: तू आत्ता कुठे उभा आहेस, स्वतः काय पाहतोस? ‘ऐकलं’ म्हणाला तर ते धरायचं नाही. मग पोलीस ठाण्याला एक फोन. त्यानंतर पाळीच्या गटावर चार ओळींचा मजकूर: किती वाजता, कोणत्या जागेबद्दल, कोणी स्वतः पाहून सांगितलं, पुढची खबर किती वाजता देणार. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. अडीचला खबर येणार हे माहीत असलेला माणूस अडीचपर्यंत थांबतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘कृपया शांतता राखा, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा मजकूर टाकण्यात. त्यात माहिती काहीच नसते, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की नक्कीच काहीतरी मोठं झालंय आणि आपल्यापासून लपवलं जातंय.

बातमी खरी निघाली तर? मग तीही तशीच सांगायची, जागेसकट. कोणाचा घरी जायचा रस्ता तिथून जातो ते पाहायचं आणि त्यांना पाळी संपल्यावर थांबवून घ्यायचं, किंवा मिसळून गटाने न्यायचं. मालकाने गेट बंद केलं तर त्या दिवसाच्या हजेरीचा फोटो काढून ठेवा, नंतर रोजी बुडवली जाते. जानेवारी १९९३मध्ये डोंगरी भागात माथाडी कामगारांच्या हत्या झाल्या आणि त्या बातमीने शहर पुन्हा पेटायला हातभार लागला, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आलेलं आहे. मारला गेलेला आपला सहकारी असतो तेव्हा संघटनाच संतापाचं वाहन होऊ शकते. म्हणून अशा दिवशी गेट मीटिंगमध्ये कोण बोलणार हे आधी ठरलेलं असावं, आणि दोघे बोलावेत, एकटा नको. मृताच्या घरच्यांना मदत किती आणि कोण घेऊन जाणार, हे त्याच सभेत जाहीर करा. रागाला करण्यासारखं काहीतरी काम लागतं.

हे काम मोहल्ला कमिटीचं नाही का? युनियनने यात पडावं कशाला? (एक वाचक, भिवंडी)

तुमच्या गावाचंच उदाहरण आहे. १९७० आणि १९८४मध्ये भिवंडी जळली. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांचे लोक बरोबरीने घेऊन मोहल्ला समित्या बांधल्या आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत १९९४पासून तशाच समित्या उभ्या राहिल्या, त्यांत जुलियो रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांचा पुढाकार होता. हे काम मोठं आहे. पण मोहल्ला कमिटीत बसतो तो बहुधा दुकानदार, मौलाना, मंडळाचा अध्यक्ष. पंचविशीतला लूमवाला किंवा हेल्पर तिथे नसतो, आणि दगड उचलायला त्यालाच पुढे केलं जातं. त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता पाळी आणि पगार हाच आहे. दोन्ही यंत्रणा हव्यात आणि दोघींकडे एकमेकांचे फोन नंबर हवेत.

माझ्या मुसलमान सहकाऱ्याला मुलुंड-ठाणे पट्ट्यात भाड्याने घर मिळत नाही. यात आमची युनियन काही करू शकते? (एक बँक कर्मचारी)

थोडंफार करू शकते. घरमालक ‘सोसायटी परवानगी देत नाही’ म्हणतो. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नियमावलीनुसार, घर लीव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला कळवणं पुरेसं आहे, ना-हरकत दाखला लागत नाही. आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे माहीत नसल्याने चांगल्या मनाचे घरमालकही माघार घेतात. करार नोंदवणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, ते घरमालकाकडून करून घ्या. मात्र भाडेकरू कोण निवडायचा हे खासगी मालकाच्या हातात राहतं, आणि धर्मावरून नकार देणाऱ्यावर बोट ठेवणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध धरला, त्यामुळे सोसायटीच्या पातळीवर लढाई अवघड आहे.

युनियनकडे एक साधन असतं: सभासदांची यादी. तुमच्यातल्या कितींची दुसरी घरं भाड्याने जातात, ते विचारा. ‘मी कोणत्याही धर्माच्या सहकाऱ्याला देईन’ असं लिहून देणाऱ्यांची यादी करा. दहा नावं निघाली तरी दहा कुटुंबांचा प्रश्न सुटतो, आणि त्या दहा सोसायट्यांत पहिल्यांदा वेगळं आडनाव पाटीवर लागतं.

आमच्या युनियनमध्ये नियम आहे: धर्माचा विषय काढायचाच नाही, फक्त पगार-बोनस. त्यामुळे फूट पडत नाही असं पुढारी म्हणतात. बरोबर आहे का? (एक बेस्ट कर्मचारी)

नाही. ज्याला त्रास होत नाही त्याच्यापुरताच हा नियम सोयीचा आहे. कँटीनमध्ये ज्याच्या दाढीवरून टोमणे बसतात, ज्याच्या डब्यात काय आहे ते हुंगलं जातं, तो माणूस या नियमाने गप्प बसतो आणि मनातून युनियन सोडतो. वर्गणी देत राहतो, म्हणून कळत नाही. दंगलीच्या दिवशी कळतं.

नारायण मेघाजी लोखंडे या देशातल्या कामगार चळवळीच्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी. १८८४मध्ये त्यांनी मिलहँड्स असोसिएशन काढली, १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. ऑगस्ट १८९३मध्ये प्रभासपाटणच्या दंगलीच्या बातमीने मुंबई पेटली आणि गिरणी कामगारही त्यात ओढले गेले, तेव्हा ‘आमचा विषय फक्त तास आणि पगार’ असं ते म्हणाले नाहीत. राणीच्या बागेत दोन्ही समाजांना एकत्र बोलावून त्यांनी सलोख्याची सभा घेतली.

तुमच्या युनियनमध्ये करायचं ते छोटं आहे. तक्रारीच्या अर्जात पगार, रजा, बदली असे रकाने असतातच. त्यात ‘जात किंवा धर्मावरून वागणूक’ हा एक रकाना वाढवा. अर्ज आला की सात दिवसांत दोघांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, त्यातला एक तरी तक्रारदाराच्या समाजाबाहेरचा हवा. टोमणा मारणारा युनियनचा जुना कार्यकर्ता निघाला तरी त्याला पुढच्या कमिटीत उभं राहता येणार नाही, असं घटनेत लिहा. पहिल्या वर्षी बहुधा एकही अर्ज येणार नाही. लोक बघत असतात की रकाना खरा आहे की नाही. पहिला अर्ज आला की त्यावर काय झालं ते सूचनाफलकावर लावा, नावं वगळून, तारखेसकट.